जर सूर्य मावळलाच नाही तर

"आई, यात नवीन काही नाहीये, पण सांगू का?" असं सुंदरी म्हणाली तेव्हा गाडी उंब्रजच्या स्टँडात वळत होती. "सांग की," गुणमाला म्हणाली. पण तेवढ्यात दारातून माणसं आत घुसली, खिडकीतून पिशव्या आणि टॉवेल सीटवर येऊन पडले, कुणाचं तरी मूल रडायला लागलं, आणि सुंदरीने मान हलवली. "काही नाही. जाऊ दे." मग तिने खिडकीच्या गजाला कपाळ टेकवलं आणि बाहेर बघत बसली. एवढंच झालं. बोलेल मागाहून, असं गुणमालेला वाटलं. सातवीतली मुलगी, मनात शंभर गोष्टी येतात आणि जातात. पण गाडी सुटली, हायवेला लागली, कंडक्टर तिकिटं फाडत पुढे सरकला, तरी ते वाक्य तिच्या डोक्यातून हलेना. सांगू का, हे ठीक होतं. पण यात नवीन काही नाहीये, हे कुठून आलं? बोलायच्या आधी माफी मागायची ही रीत पोरीला कुणी लावली? भाजी महाग झाली यात काय नवीन असतं, पाय दुखतात यात काय नवीन असतं, आणि तरी माणसं जन्मभर तेच सांगतात आणि घरातली माणसं ते ऐकून घेतात. घर म्हणजे दुसरं काय असतं?

मांडीवर कापडी पिशवी होती आणि पिशवीत तिचा प्रबंध होता, शेवटची दोन प्रकरणं आणि कोष्टकं. शालेय विद्यार्थ्यांच्या सर्जनशीलतेचं मापन. साताऱ्याच्या बी.एड. कॉलेजात शिकवता शिकवता, शनिवार-रविवार मोडून, सुट्ट्या मोडून केलेलं काम. आज रात्री डिग्रजला माहेरी मुक्काम, आणि उद्या सकाळी सांगलीत गद्रे सरांच्या पुढे ठेवलं आणि सरांनी मान डोलावली की टायपिंगला द्यायचं. सर तिचे मार्गदर्शक. पहिल्या भेटीतच हसून म्हणाले होते, "तुमच्या तर नावातच गुण आहेत, बाई. द्या सगळ्यांना वाटून." तिलाही तेव्हा हसू आलं होतं. आता ती पिशवी मांडीवर जड लागत होती. तिने ती उचलून पायाशी ठेवली, मग कुणाचा तरी पाय लागेल म्हणून परत मांडीवर घेतली.

चाचणी साधी होती. वर्गावर जायचं, कोरे कागद वाटायचे, आणि सांगायचं, मुलांनो, ही परीक्षा नाही. यात कोणतंही उत्तर बरोबर किंवा चूक नाही. सुचेल ते लिहा, जितकं सुचेल तितकं लिहा. विटेचे किती उपयोग करता येतील? माणसाला शेपूट असती तर? सूर्य मावळलाच नाही तर काय होईल? किती उत्तरं लिहिली ते मोजायचं, किती तऱ्हेची लिहिली ते मोजायचं, आणि सगळ्यात मोलाची ती मौलिकता. जे उत्तर पुष्कळ मुलांनी लिहिलं त्याला शून्य, जे क्वचित कुणाला सुचलं त्याला पैकीच्या पैकी. आटपाडीच्या शाळेत पत्र्याखाली घामाने निथळत बसलेल्या पोरांनी लिहिलं होतं, सूर्य मावळला नाही तर आम्ही भाजून मरू. महाबळेश्वरच्या पोरांनी लिहिलं होतं, कपडे वाळतील. अख्ख्या वर्गाने! ते वाचून ती आणि तिचा नवरा भरतेश जेवता जेवता किती हसले होते. आणि सांगलीच्या शाळेत, जिथं निम्मी मुलं जैनांची होती, तिथं तऱ्हेतऱ्हेच्या अक्षरांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आली होती, रात्रीसुद्धा जेवता येईल. दिवस मावळला की चूल थंड, हे ज्यांच्या घरात रोजचं, त्यांना दुसरं काय सुचणार? तिलाही लहानपणी हेच सुचलं असतं. तिने सगळ्या शाळांचे कागद एकत्र करून कोष्टक मांडलं आणि त्यात एक ओळ लिहिली, रात्रीचे जेवण, आणि तिच्यापुढे शून्य. भाजून मरू, शून्य. कपडे वाळतील, शून्य. काम म्हणजे काम होतं.

साताऱ्याचा एक सातवीचा वर्ग हवा होता, आणि सुंदरीची शाळा घराजवळ होती. गद्रे सर म्हणाले होते, स्वतःच्या मुलीचा वर्ग नका घेऊ. ती म्हणाली, कागदावर नाव नसतं, नुसता नंबर असतो, सर. खरं काय होतं ते तिला आत कुठंतरी माहीत होतं. तिला बघायचं होतं. ही मुलगी चार वर्षांची असल्यापासून असं काही बोलायची की भरतेश बँकेत जाऊन चारचौघांत सांगायचा. पावसाळ्यात अजिंक्यतारा ढगात बुडाला की म्हणायची, ढग टीव्हीच्या टॉवरला चिकटून बसलेत, त्यांना फुकटात सिनेमा दिसत असेल. अशी मुलगी असल्यावर कोणत्या आईला मोजून बघावंसं वाटणार नाही? आजोबांनी नाव सुंदरी ठेवलं तेव्हा मैत्रिणी तोंड दाबून हसल्या होत्या. पण आजोबा म्हणाले होते, आदिनाथ तीर्थंकरांनी एका लेकीला अक्षरं शिकवली आणि दुसरीला अंक, अंकवाली ती सुंदरी. तर त्या सुंदरीचा कागद आईपुढे आला, आणि नंबर असला म्हणून काय, 'श'ची शेपटी खाली ओढायची तिची सवय लपते होय? गुणमालेने घाईने कागद उलटा केला. उत्तरं थोडकीच होती. विटेचं घर, विटेची चूल, विटेचा स्टंप. सूर्याच्या प्रश्नाखाली तर एकच. अज्जी आमची वाट बघत थांबली तरी तिला उपाशी झोपायला लागणार नाही. गुणमालेने ते वाचलं, क्षणभर पेन तसंच धरलं, आणि मग कोष्टकातली ओळ शोधली. रात्रीचे जेवण. शून्य.

त्या वेळी तिला वाईट वाटलं होतं ते त्या अज्जीसाठी नाही, म्हणजे स्वतःच्या आईसाठी, अव्वासाठी नाही. वाईट वाटलं ते मुलीसाठी, आणि मुलीसाठी तरी कुठलं, स्वतःसाठीच. मागच्या वर्षी ते डिग्रजला उशिरा पोचले होते आणि अव्वा न जेवता बसली होती, हे तिला पेन हातात असताना आठवलंही नाही. त्याच संध्याकाळी, दिवाळीच्या तोंडावर, तिने स्वयंपाकघरात भरतेशला सांगितलं. सुंदरी दाराशी शेंगा सोलत बसली होती, म्हणून कानडीत सांगितलं. ही त्यांच्याकडची जुनी सवय. दोघांच्याही आया सीमेपलीकडच्या, अथणीच्या अंगाच्या, त्यामुळे दोघांनाही मोडकं कानडी येत होतं आणि ते मुलीपासून लपवायच्या गोष्टींसाठीच शिल्लक राहिलं होतं. कुणाचं आजारपण, कुणाचं मोडलेलं लग्न, दिवाळीला काय आणायचं, सगळं कानडीत. पोर मराठी शाळेत जाणारी, साताऱ्यात वाढलेली, तिला काय कळतंय? "होसदेनू इल्ला," ती फोडणी देत म्हणाली होती. "मौलिकता सोन्ने." भरतेशने विचारलं होतं, अगदी सोन्ने? अगदी शून्य? आणि ती म्हणाली होती, अगदी.

होसदेनू इल्ला. नवीन काही नाही.

गाडी कऱ्हाड सोडून पुढे आली होती आणि बाहेर उसाची शेतं पळत होती, तेव्हा हे तिच्या ध्यानात आलं. शब्दाला शब्द. पण सुंदरीला कानडी कुठं येतं? दर मे महिन्यात पोर अज्जीकडे असते, आणि अव्वा कानडी बोलते ती म्हशीशी आणि देवाशी. माणसांशी मराठीच. सरक, थांब, पाय उचल, एवढंच ऐकून कुणाला भाषा येते का? पण मग गुणमालेला तरी कशी आली होती? तिनेही ती गोठ्यातच ऐकली होती. तिने शेजारी पाहिलं. मुलीचा गजाला टेकलेला गाल, कानातली बारीक बाळी, मानेवर सुटलेले केस. विचारावं का सरळ, तुला कानडी कळतं का गं? आणि हो म्हणाली तर? लपवलेलं एक वाक्य कळलं असेल, तर इतक्या वर्षांची बाकीचीही कळली असतील. आणि दिवाळीपासून ही मुलगी बोलत नव्हती, ते मोठी होतेय म्हणून नव्हे. शाळेतून आल्यावर दप्तर टाकायची, विचारलं तर म्हणायची, काही नाही, नेहमीचंच. आपण मात्र तिला सुधारायला निघालो होतो! जेवताना वाटी उचलून विचारायचं, हिचे आणखी काय काय उपयोग होतील, सांग बघू. पोर वाटीकडे बघायचीच नाही. आईच्या तोंडाकडे बघायची. एक उत्तर द्यायची, तोंड वाचायची, आणि घास गिळून म्हणायची, नाही सुचत. भरतेश एकदा चिडून म्हणालाही होता, "अगं, आमटी तरी खाऊ दे तिला त्या वाटीतून."

आष्ट्याच्या अलीकडे गाडी थांबली. पुढे उसाची ट्रॉली कलंडली होती आणि रस्ताभर मोळ्या पसरल्या होत्या. कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांची रांग एका बाजूला, मोटारींची दुसऱ्या बाजूला. पुरुषमाणसं खाली उतरून मोळ्या ओढायला लागली आणि त्यातले निम्मे ऊस मोडून खायला लागले. बायकाही उतरल्या. सुंदरी पुढच्या सीटवरच्या एका बाईच्या मागोमाग उतरली. शालूबाई म्हणत होत्या तिला सोबतच्या बायका, उंब्रजहून लेकीकडे निघालेली, तोंडाने मोकळी. गुणमाला पिशवी सांभाळत जरा मागून उतरली आणि गाडीच्या मागच्या चाकापाशी सावलीत थांबली. पलीकडे बांधावर दोघी बसल्या होत्या. शालूबाईने गुडघ्यावर ऊस मोडून अर्धा पोरीच्या हातात दिला होता, पण पोर खात नव्हती.

"आगं पोरी, सारखं त्या सूर्याकडं काय बगतीस? डोळं जातील."

"अज्जी थांबली असेल," सुंदरी म्हणाली. "डिग्रजला. ती सूर्य बुडाला की जेवत नाही."

"व्हय, जैनांत तसंच हाय. मग जेवून घील की ती आधी."

"नाही घेत. आम्ही येणार असलो की थांबते. मामा ओरडतो, तरी थांबते. मागच्या वेळी आम्ही उशिरा गेलो तर तशीच झोपली. मी रात्री उठून बघितलं, तिच्या पोटातून आवाज येत होता. मांजर घोरतं तसा."

"आगं बया. लय मायेची हाय की तुजी आजी." शालूबाईने चोथा थुंकला. "आता त्या सूर्याला कोन सांगायचं, जरा दम धर म्हनून?"

"मी लिहिलं होतं ते," सुंदरी म्हणाली. "आईच्या परीक्षेत. सूर्य मावळला नाही तर काय होईल असं विचारलं होतं."

"मग?"

"चूक आलं."

शालूबाई काहीतरी बोलली, आईलाच मास्तरीण केल्यावर असंच व्हायचं, असलं काहीतरी, आणि हसली, आणि सुंदरीही थोडी हसली. गुणमाला चाकापाशी उभी होती. चूक. यात कोणतंही उत्तर बरोबर किंवा चूक नाही, हे वाक्य तिने किती वर्गांपुढे उभं राहून म्हटलं होतं, गोड आवाजात, हात हलवून. तिचा स्वतःचा विश्वास होता त्याच्यावर. मुलांनी ते ऐकून घेतलं, आणि तिच्या मुलीने ते घरी येऊन तपासून पाहिलं. आणि मांजर घोरतं तसा पोटाचा आवाज. हे कोणत्या ओळीत बसतं?  तिला ऊस खाणाऱ्या त्या अनोळखी बाईचा हेवा वाटला, खरा हेवा. बाई नुसती चोथा थुंकत बसली होती आणि पोर तिला सगळं सांगत होती.

रस्ता मोकळा व्हायला वेळ लागला. गाडी सुटली तेव्हा सूर्य उसाच्या तुऱ्यांना टेकला होता आणि सगळ्या गाडीत तांबडा उजेड भरला होता. गुणमालेने मुलीचा हात हातात घेतला. उसाच्या रसाने चिकट झाला होता. "सुंदरी, तुझं उत्तर चूक नव्हतं गं," ती म्हणाली, आणि लगेच तिला कळलं की आपण वर्गात बोलतो तसं बोलतोय. पण थांबता येईना. तिने समजावून सांगितलं. सांगलीकडे आपली पुष्कळ मुलं आहेत, त्यांनी सगळ्यांनी जेवणाचं लिहिलं, म्हणून त्या उत्तराला शून्य. साताऱ्यात तसं कुणीच लिहिलं नव्हतं, तुझ्या वर्गात तू एकटीच. साताऱ्याचं कोष्टक वेगळं मांडलं असतं तर तुला पैकीच्या पैकी मिळाले असते. बोलता बोलता तिलाच ते खरं वाटायला लागलं, उद्याच सरांना सांगावं, प्रत्येक गावाचं वेगळं कोष्टक करावं, सगळे कागद पुन्हा तपासावेत, सहा महिने गेले तरी चालतील. तिचा आवाज चढला. सुंदरी ऐकत होती.

"म्हणजे तिकडं सगळ्यांच्याच अज्ज्या उपाशी राहतात?" तिने विचारलं.

"अगं, तसं नाही. त्यांनी नुसतं लिहिलं होतं, रात्री जेवता येईल म्हणून."

"मी तसं नव्हतं लिहिलं."

"हो. तू अज्जीचं लिहिलं होतंस."

"मग ते एकच कसं?"

 गुणमालेने मुलीचा हात घट्ट धरला, आणि मुलीने तो काढून घेतला नाही, नुसता तिच्या हातात राहू दिला. खिडकीबाहेर सूर्याची शेवटची कड शेतामागे गेली. सुंदरीने ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. "गेला," ती हळूच म्हणाली. "मी तेच सांगणार होते मघाशी, उंब्रजला. की तिथून फोन कर मामाला, की अज्जीला जेवायला सांग. पण ते तुला माहीतच असणार, असं वाटलं."

तिला माहीतच होतं. म्हणूनच तिला सुचलं नव्हतं. स्टँडात फोनचं पिवळं खोकं तिने डोळ्यांनी पाहिलंसुद्धा होतं.

डिग्रजच्या फाट्यावर तिचा भाऊ रामगोंडा मोटारसायकल घेऊन थांबला होता. "काय गं अक्का, किती उशीर? अव्वा बसलीया तशीच. मी म्हनलं, घे जेवून, गाड्यांचा काय नेम हाय का? ऐकंल तर शपथ." तिघं कशीबशी त्या गाडीवर बसली. अंधार पडत होता आणि नदीकडून गार वारं येत होतं. घरात दिवा लागला होता. अव्वा ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती, जपाची माळ हातात, आणि आत पाट मांडलेले, ताटं पालथी घातलेली. "बंद्रा?" ती म्हणाली आणि उठायला लागली. "आलात? बसा, पाय धुवा. पोरीला भूक लागली असंल." गुणमालेने विचारलं, तू? "मला भूकच न्हवती आज," अव्वा म्हणाली. तिचे ओठ कोरडे पडले होते. दिवस बुडाल्यावर ती पाणीही घेत नसे.

सुंदरी धावत गेली आणि अज्जीला बिलगली. आणि मग तिने बोलायला सुरुवात केली. कानडीत. मध्येच एखादा मराठी शब्द, पण न अडखळता, भराभर, जशी लहानपणी मराठीत बडबडायची तशी. गुणमाला चप्पल काढता काढता उंबऱ्यातच थांबली. अज्जी, तू उगीच उपाशी राहतेस, पोर सांगत होती. सूर्य कुठं जातच नाही. आमच्या पुस्तकात आहे. तो तिथंच असतो. आपणच त्याच्याकडं पाठ करतो. आपण पाठ केली आणि तो गेला म्हणतो, आणि तू जेवत नाहीस. त्याचा काय दोष, सांग? अज्जी तोंडाचं बोळकं पसरून हसली आणि तिने पोरीच्या केसांतून हात फिरवला. "व्हय की गं," ती म्हणाली. "खरंच की."

गुणमालेचे डोळे भरून आले. आणि त्याच क्षणी तिच्या डोक्यात आपोआप, तिने न बोलावता, सगळ्या शाळांचे सगळे कागद सरकून गेले. आटपाडी, महाबळेश्वर, सांगली, सातारा. कुणीही नाही. एकानेही हे लिहिलं नव्हतं. तिने ते थांबवायचा प्रयत्न केला. पण तोंडावर काय आलं असेल ते आलं होतं, कारण सुंदरीचं तिकडे लक्ष गेलं. अज्जीपासून ती हळूहळू दूर झाली. तिचं हसू गेलं होतं. ती आईच्या समोर येऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, मराठीत नाही, स्वयंपाकघरातल्या त्या लपवायच्या भाषेत.

"इदु होसदा?"

हे नवीन आहे का? रामगोंडा मोटारसायकल आत घेत होता, अव्वा ताटं सुलटी करायला आत वळली होती. गुणमालेने तोंड उघडलं. हो म्हटलं तरी मार्क दिल्यासारखं होतं आणि नाही म्हटलं तरी. सुंदरी तिच्या तोंडाकडे बघत उभी होती, तपासलेला पेपर हातात पडायच्या आधी मुलं बाईंकडे बघतात तशी.